मसाल्याच्या डब्यातली काडतुसं

आमच्या घरात मसाल्याचे डबे दोन होते. एक माझा, तिखट-मिठाचा. दुसरा माझ्या सासऱ्यांचा, आणि त्यात काडतुसं असत. तो डबा लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली त्यांच्या करगोट्याला. आंघोळीलासुद्धा ती किल्ली सुटायची नाही. सासऱ्यांना आम्ही वऱ्हाडातल्या सुना मामाजी म्हणतो, म्हणून माझ्यासाठी ते मामाजी. गावासाठी मात्र ते बंदुकीचे आबा. किन्हीराजाच्या बाजूला आमचं लहानसं गाव, आणि पीक राखायच्या परवान्याची बंदूक अख्ख्या गावात एकच, ती त्यांची.

डबा मुळात माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा. जाड स्टीलचा, खोल, सात वाट्यांचा, काठाला एका जागी पोचा आलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. त्या गेल्यावर मामाजींनी डबा स्वतः धुतला, चार दिवस उन्हात ठेवला आणि बारा बोअरची काडतुसं त्यात उभी करून लावली. पण वाट्यांची नावं काही बदलली नाहीत. आठ नंबरचं काडतूस, ज्यातले छर्रे मोहरीएवढे बारीक, ते जिऱ्याच्या वाटीत. चार नंबर धन्यांच्या वाटीत. आणि एलजी, ज्यात वाटाण्याहून मोठ्या सहा गोळ्या असतात आणि अंगावर आलेलं रानडुक्कर जे जागेवर पाडतं, ते मिरचीच्या वाटीत. मधल्या हळदीच्या वाटीत खऱ्या लवंगा असत. "घे, चहात टाक," म्हणून मला त्यातल्या दोन काढून द्यायचे. बारुदीशेजारच्या लवंगा चहात कोण टाकतं? मी टाकल्यासारखं करायची आणि माझ्या डब्यातल्या टाकायची. पंधरा वर्षं त्या माणसाला मी फसवलं, आणि पंधरा वर्षं ते म्हणाले, "लवंग जबरदस्त हाय!"

दिवस निघायच्या सुमारास कोणीतरी दारात ओरडायचं, "आबा, वो आबा! रोही घुसले!" रोही म्हणजे नीलगाय. हरभऱ्याच्या वावरात पाच रोही शिरले की तासाभरात वावर चपाट होतं. ओरडणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला, आणि आमचे मामाजी शांतपणे पेटी उघडून डबा मांडीवर घेऊन विचारत बसायचे. किती हायेत? कोनाच्या वावरात? पीक केवढं वर आलं? धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडं कोन राह्यते? वारा कुकडून हाय? तो बिचारा दारात पाय नाचवत म्हणायचा, "आबा, तुमचं होईपर्यंत थे खाऊन ढेकर देतीन!" मग मामाजी एक काडतूस उचलायचे, कानाशी नेऊन हलवायचे, आतल्या छर्ऱ्यांची सळसळ ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "आज जिरं पुरे होते."

बहुतेक वेळा जिरंच पुरे व्हायचं. ऐंशी-नव्वद पावलांवरून आठ नंबर ढुंगणावर बसला की गांधीलमाशी चावल्यासारखं रोही उधळतं आणि चार दिवस त्या वावराकडे फिरकत नाही. एकदा मी त्यांच्यासोबत अकोल्याला काडतुसं आणायला गेले होते. एक साडी घ्यायला पंधरा मिनिटं लावली तर आमचे हे घड्याळ दाखवतात, आणि इथं मामाजी काउंटरवर एकेक काडतूस लोटून पाहताहेत, बूड नखानं घासताहेत, कानाशी नेताहेत. दुकानदार कंटाळून म्हणाला, "आबा, हे मोठ्या छर्ऱ्याचं बीबी घेऊन जा. एका बारात रोही आडवं." मामाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं उधारी मागितली. म्हणाले, "मले त्याले आडवं नाई कराचं. घरी पाठवाचं हाय."

त्यांचं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं. "गोई जनावराले पाहून नाई निवडत. जनावराच्या मांगं काय हाय थे पाहून निवडा लागते." गोई म्हणजे गोळी. हे वाक्य ते बंदुकीपुरतं ठेवत असते तर बरं होतं. पण त्यांनी ते सगळीकडे लावलं. बैल विकत घ्यायचा असो, शेजाऱ्याच्या पोरीचं स्थळ असो, मत मागायला आलेला उमेदवार असो, मामाजींचा प्रश्न ठरलेला, "थे समोरचं ठीक हाय. मांगं काय हाय?" मला पाहायला ते कारंज्याला आमच्या घरी आले तेव्हा बाकीचे पाहुणे बैठकीत पोहे खात होते. मामाजी पाणी प्यायच्या निमित्तानं घराच्या मागच्या बाजूला गेले. तिथं मी दुधावर पडलेल्या मांजरीला झाडू घेऊन मारायला धावत होते, अर्धी तयारी झालेली, एका कानात झुमका, एक कान रिकामा. माझ्या तोंडी त्या वेळी जे शब्द होते ते लिहिण्यासारखे नाहीत. मामाजी बैठकीत परत गेले आणि म्हणाले, "पसंत हाय." माझ्या वडलांनी सांगितलं की अहो, मुलगी अजून बाहेर यायची आहे. तर म्हणाले, "समोर त सगळ्याच पोरी पावडर लावून बसतेत. म्या मांगची पाह्यली."

अशी मी त्यांची पसंती. तोंडाळ, तापट, आणि आमचे हे एसटीत कंडक्टर, आज रिसोड तर उद्या पुसद. त्यामुळे घरात दिवसभर मी आणि मामाजी. भांडायलाही तेच आणि बोलायलाही तेच.

एका वर्षी आमच्याच तुरीत रोही शिरले. फुलावर आलेली तूर, सकाळी जाऊन पाहते तर नुसते खुंट. माझं डोकं फिरलं. मी घरी येऊन बोलले ते बोललेच. "काय कामाची तुमची बंदूक? जिरं जिरं करत बसता! एकदा मिरची घाला अन् पाडा ना एखादं. बाकीचे आपोआप शिकतील." मामाजींनी ऐकून घेतलं. मग खाटेच्या कडेवर सरकून बसले आणि मला समोर बसायला सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं म्हणजे गंभीर काहीतरी, हे मला तोवर कळत होतं.

तरुणपणी फौजेत असताना मामाजी कोतात होते. कोत म्हणजे पलटणीचं हत्यारघर. बंदुका आणि गोळ्या सांभाळायच्या, साफ करायच्या, मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. त्यांची पलटण उत्तरेकडे बर्फाच्या डोंगरात होती. तिकडे कड्याकपारीत मोठ्या वाकड्या शिंगांचे रानमेंढे फिरत. एका साहेबाजवळ स्वतःची शिकारीची रायफल होती आणि मेंढा मारायचा परवाना. त्यानं मामाजींना बोलावून गोळ्यांचे दोन डबे पुढं ठेवले. एकात मऊ नाकाची गोळी, जी जनावरात शिरली की पसरते आणि तिथंच राहते. दुसऱ्यात तांब्यानं मढवलेली कडक गोळी. साहेब म्हणाला, कोतातला माणूस तू, तूच निवड.

"दोन दिवस लावले म्या," मामाजी म्हणाले. "वारा पाह्यला, थंडी पाह्यली, एका कड्यावरून दुसऱ्या कड्याचा अंदाज घेतला. कडक गोई लांबवर सरळ जाते. वाऱ्यानं हलत नाई. म्या थे निवडली. अन् बाई, बरोबर निवडली. एका गोईत मेंढा बसला जागेवर. साहेबानं माह्या पाठीवर थाप देल्ली."

एवढं सांगून ते थांबले. मी म्हटलं, मग?

"मंग काय? गोई मेंढ्यात थांबलीच नाई. आरपार गेली. त्याच्या मांगं त्याच कपारीवर मेंढी होती. गाभन. पोट असं खाली आलेलं." त्यांनी हातानं दाखवलं. "मऊ नाकाची असती त मेंढ्यातच राह्यली असती. थे मेंढी पडली नाई, वं. कपारीवर अडकून राह्यली. तिथं जायाले वाट नाई, साहेबाजोळ दुसरी गोई माराले जागा नाई. दुपारभर थे ओरडून राह्यली अन् आमी खाली ऐकून राह्यलो. साहेब हासून म्हने, एका गोईत दोन! म्या मेंढ्याची गोई निवडली. मांगं कोन हाय थे नाई पाह्यलं. निवडाचं काम त माहंच होतं ना?"

उठून भांडी घासायला बसले, घासलेलीच पुन्हा घासली. त्यानंतर तुरीचं नाव मी काढलं नाही, आणि मिरचीचं तर नाहीच.

पुढं दोन-तीन वर्षांनी माझ्या लक्षात आलं की मामाजी डब्यात पाहत नाहीत, चाचपतात. काठावरचा पोचा अंगठ्याखाली धरायचा आणि तिथून वाट्या मोजायच्या. पहिली मोहरी, दुसरी जिरं, हा क्रम मला फार पुढं कळला. मग चहाचा कप ठेवताना तो टेबलाच्या बाहेर ठेवायला लागले. मी धरून वाशिमला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, बराच जुना. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालून उरलेली सांभाळू. मामाजींनी सगळं नीट ऐकलं आणि डॉक्टरांना नमस्कार केला. एसटीत बसल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "गावात सांगशील नोको, सूनबाई."

"मामाजी, अन् बंदूक?"

"थ्याच्यासाठीच त म्हनून राह्यलो. बंदूक हाय तवंवर मी आबा हाय. सकाळी दारात कोनी हाक मारते. बंदूक गेली की नुसता बुढा. खाटेवरचा. लायसनची मुदत दीड वर्स हाय. तवंवर राहू दे."

मला नाही म्हणता यायला पाहिजे होतं. शहाणी बाई नाही म्हणाली असती. पण गेली इतकी वर्षं ज्या माणसानं माझं तोंड सहन केलं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. मी एकच अट घातली. माझ्याशिवाय वावरात जायचं नाही. मी सोबत राहीन, जनावराच्या मागं काय आहे ते मी पाहून सांगीन, आणि मी सांगितल्याशिवाय घोडा ओढायचा नाही. ते लगेच कबूल झाले. आमच्या यांनासुद्धा मी हे सांगितलं नाही. तेव्हापासून प्रत्येक हाकेला मी पदर खोचून मामाजींच्या मागे जायची. गावातल्या बाया हसायच्या, "आबानं सुनेले हवालदार ठेवलं!" मी म्हणायची, हो ठेवलं, तुम्हाला काय करायचं?

मग निवडणूक आली. निवडणूक आली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, आणि काडतुसंही. निकाल लागल्यावर सगळं परत मिळालं. बंदूक मामाजींनी खांद्याला लावली आणि काडतुसांची पिशवी माझ्या हातात दिली. सगळे नंबर एकत्र झालेले. काडतुसं सगळी लालच, नंबर तेवढा बारीक अक्षरात छापलेला. घरी येऊन मामाजी थकून झोपले आणि मी डबा पुसून लावायला घेतला. एकेक काडतूस उजेडात धरून नंबर वाचला, आठ नंबर जिऱ्यात, एलजी मिरचीत, काही म्हणता काही चुकवलं नाही. फक्त जिऱ्याची वाटी कोणती आणि मिरचीची कोणती, हे मी कोणाला विचारलं नाही. जिथं कारंज्याला माझ्या आईच्या डब्यात जिरं असे, जिथं माझ्या डब्यात जिरं आहे, तिथं मी जिरं धरलं. तसंच तिखटाचं. हात आपोआप गेला. प्रत्येक घरचा डबा वेगळा लावलेला असतो हे कोणत्याही बाईला माहीत असतं. मला त्या क्षणी ते सुचलं नाही, एवढंच.

थंडीचे दिवस होते. आमच्या वावराला लागून वच्छलामायची बागायत आहे. माळ्याची बाई, साठी उलटलेली, एकटी वांगी-कोबी पिकवते आणि इथल्याच मालेगावच्या बाजाराला स्वतः घेऊन जाते. त्या वर्षी तिनं बांधाच्या कडेला हरभरा पेरला होता. एका सकाळी, उजाडलं होतं पण धुकं होतं, ती दारात येऊन ओरडायला लागली, "आबा, चला, वो! चार रोही हायेत, माहा हरभरा गेला!" आणि उत्तराची वाट न पाहता रिकामा तेलाचा डबा वाजवत परत पळाली. मामाजी पेटी उघडून बसले. त्यांचे प्रश्न सुरू व्हायच्या आत मीच खेकसले, "चला ना लवकर! म्हातारी एकटी पळाली तिकडं." त्यांनी अंगठ्यानं पोचा शोधला, दुसऱ्या वाटीतलं काडतूस उचललं आणि खिशात टाकलं. कानाशी नेलं नाही. माझ्या घाईनं त्यांचं ते राहून गेलं.

धुऱ्यावर पोचलो तर धुक्यात एक रोही हरभऱ्याच्या पलीकडच्या कडेला उभं, आमच्याकडे पाठ करून. बाकीचे दिसत नव्हते. वच्छलामायचा डबा वाजायचा थांबला होता. मामाजींनी बंदूक भरली, खांद्याला लावली. मी त्यांची कोपर धरून नळी रोह्याच्या दिशेला वळवली. हे आम्ही नेहमीच करायचो.

"मांगं काय हाय?" त्यांनी विचारलं.

माझे पाय दवानं ओले झाले होते, चूल तशीच टाकून आले होते. मी म्हटलं, "काही नाही. तूर आहे."

त्यांनी घोड्यावर बोट ठेवलं. ठेवलं आणि ओढलं नाही. "वच्छला कुठं हाय?"

"असेल की धुऱ्यावर."

"असेल नाई. दिसते का?"

"मामाजी, धुक्यात काय दिसतं? मारा ना, पळेल ते!"

मामाजींनी नळी खाली केली. मला इतका राग आला की काय सांगू! मी तोंड उघडणार, एवढ्यात रोह्याच्या मागची तूर हलली आणि तिच्यातून लाल लुगडं बाहेर आलं. वच्छलामाय. डबा काखेत धरून, दबकत, पलीकडून रोह्याला हुसकायला आलेली. रोही आणि ती यांच्यात चार-पाच हातांचं अंतर. तिनं "हाऽऽड!" केलं आणि रोही उड्या मारत आमच्या बाजूनं निघून गेलं.

मला वाटलं, ठीक आहे, आठ नंबरच होता, लागला असता तरी इतक्या लांबून खरचटलं असतं. मामाजींनी बंदूक उघडून काडतूस बाहेर काढलं. तळहातावर तोललं. मग कानाशी नेऊन हलवलं. काडतूस माझ्यापुढं धरून म्हणाले, "वाच."

मी वाचलं. एलजी.

मी मटकन खाली बसले. डबा मी लावला होता. घाई मी केली होती. आणि "काही नाही" असंही मीच म्हटलं होतं. मी लहान मुलीसारखी हमसाहमशी रडायला लागले आणि रडत रडत त्यांना सगळं सांगितलं, माझ्या आईचा डबा, माझा डबा, जिरं कुठं आणि मिरची कुठं. मामाजी माझ्याजवळ खाली बसले. ओल्या मातीतच. "चूप," म्हणाले. "तुही चूक नाई. डबा बाईनं लावला त बाईच्या हातानंच लागंल. थे काडतूस म्या बोटानं पाह्यलं. डोयानं पाहाले पाह्यजे होतं, अन् डोये नाईत. मले म्हाईत होतं डोये नाईत. तरी आलो."

वच्छलामाय तोवर आमच्यापर्यंत आली. "काय झालं, वं? काहून रडून राह्यली?" मी सांगायच्या आत मामाजींनीच सांगितलं. "वच्छला, आज तुले म्या मारलं असतं. मले दिसत नाई. दोन सालापासून दिसत नाई." तिनं काखेतला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "मारलं असतं त सुटली असती, बाप्पा! रोज मेथीच्या जुड्या कोन बांधन?" आणि हसता हसता ती पण आमच्याजवळ धुऱ्यावर बसली. आम्ही तिघं तिथं बराच वेळ बसून होतो.

त्याच दिवशी मामाजींनी फौजेतला जुना कोट घातला, बंदूक कापडात गुंडाळली, काडतुसं पिशवीत भरली आणि मला म्हणाले, "चाल." ठाण्यात हवालदारानं ओळखलं. "आबा, निवडनूक लय लांब हाय. आताच काहून आनली?"

"परत न्याले नाई आनली," मामाजी म्हणाले. "मले दिसत नाई. लिहून घ्या."

वर्षभर ज्याच्यासाठी त्यांनी माझं तोंड बांधून ठेवलं होतं ते वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं. बाकावर तक्रारी घेऊन बसलेली माणसं मान वळवून पाहायला लागली. मला त्या माणसांचा राग आला आणि मामाजींचा इतका अभिमान वाटला की मी पदरानं तोंड झाकून घेतलं. हवालदार भला माणूस होता. त्यानं उठून त्यांना खुर्ची दिली. कागद झाल्यावर मामाजींनी बंदुकीच्या दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "उसाचा रस पाज."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मला भीती एकाच गोष्टीची होती, ते नुसता बुढा होतील याची. चार-पाच दिवस दारात खरंच कोणी आलं नाही. मामाजी पहाटे उठून कोट घालून खाटेवर बसायचे आणि उन्हं वर आली की कोट काढून खुंटीला लावायचे. मला ते बघवत नव्हतं. मग एका सकाळी हाक आली, "आबा, वो आबा! रोही..." आणि ओरडणारा मध्येच गप्प झाला. सवयीनं आला होता, आता शरमून उभा. आतून मामाजींचा आवाज आला, "किती हायेत? धुऱ्याच्या पलीकडं कोन हाय?" त्यानं सांगितलं. मामाजी म्हणाले, "मंग डबे घेऊन एकाच बाजूनं जा. दोन्हीकडून जाशीन नोको, जनावर बावचळते. अन् पयले पलीकडच्याले आवाज दे." तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा आला. वाऱ्याचं, धुऱ्याचं, पिकाच्या उंचीचं विचारायला लोक येतच राहिले. बंदूक ठाण्यात आणि बंदुकीचे आबा घरात. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रिकामा डबा त्यांनी मला दिला. "आता तुह्या हातानं लाव," म्हणाले. मी म्हटलं, "नाही. आत्याबाई कशा लावायच्या ते सांगा." मग त्यांनी पोच्यावर अंगठा ठेवून एकेक वाटी मला दाखवली. मोहरी, जिरं, मीठ, मिरची. जिऱ्याची वाटी दोनदा दाखवली. आजही मी रोज तोच डबा वापरते. सुरुवातीला वरणात जिऱ्याच्या जागी तिखट पडायचं आणि मामाजी मुकाट्यानं खायचे. लवंगा आता त्याच डब्यातल्या चहात पडायच्या. पहिल्या दिवशी घोट घेऊन म्हणाले, "आता बरोबर झाली लवंग." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, पंधरा वर्षं!

मागच्या थंडीत ते गेले. शेवटचे आठ दिवस खाटेवरच होते, नजर पूर्ण गेलेली. हे रजा घेऊन घरी होते, औषध आणायला बाहेर गेले होते. सकाळची वेळ. मी चमच्यानं पाणी पाजत होते. वावराकडून कोणाचं तरी ओरडणं आलं, आणि डबा वाजल्याचा आवाज. मामाजींनी मान वळवली. हात वर झाला आणि बोट थोडं वाकलं, जसं घोड्यावर ठेवायचे तसं.

"सूनबाई," म्हणाले. "मांगं काय हाय?"

खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांना कुठं दिसत होतं? पण मी भांडं खाली ठेवलं, उठले, दारापर्यंत नाही तर पार अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत गेले आणि डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. घाई केली नाही. मग परत येऊन त्यांच्या कानाशी वाकले.

"वच्छलामाय आहे, मामाजी. लाल लुगडं. हातात डबा."

"बाजूले हाय का?"

"बाजूले आहे. मी पाहिलं. चांगली लांब, बाजूले."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि वर धरलेला हात त्यांनी हळूच खाली ठेवला.